मदत हवी आहे: खाऱ्या पाण्याने रंगवलेली पानं टिकतील का?

मंडळी, नमस्कार. दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. दिवाळीपासून एक ग्राफिक नॉव्हेल करतेय, सगळी जलरंगात. गोष्ट २०७० ची, आमच्याच खारपाणपट्ट्यातली. पाऊस पाठोपाठ चार वर्षं फिरकलेला नाही, गाव उठून गेलंय, मागे एक आजी आणि तिची नात. ज्यांना हा पट्टा माहीत नाही त्यांच्यासाठी: पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा मिळून मोठा भाग असा आहे की विहिरीला पाणी लागतं, पण खारं. पिण्याच्या कामाचं नाही, ओलितालाही नाही. खरीप पावसावर, आणि जमिनीत ओल राहिली तर हरभरा. म्हणून ही गोष्ट मला फार लांबची वाटत नाही.

३८ पानं झालीत. पहिली अडचण उन्हाची. पारा ४५ च्या वर गेला की आभाळाचा वॉश (पाणी घालून पसरलेला रंगाचा पातळ थर) चौकटीच्या मध्यावर येईस्तोवर वरची कड वाळून जाते आणि कडक रेघ उमटते. कूलर लावला तर आणखी लवकर वाळतो. ग्लिसरीनचे थेंब टाकून पाहिले, पण रंग चिकट राहिला आणि दोन पानं एकमेकांना चिकटून फाटली. आता पहाटे पाचला उठते, ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) सुती कागद मागून स्पंजने ओला करून काचेवर पसरते. तेवढे दोन तास बरे जातात. याहून चांगली युक्ती कुणाकडे असेल तर सांगा, पण माझा खरा प्रश्न पुढे आहे.

एके दिवशी कॅनचं पाणी संपलं म्हणून विहिरीचं घेतलं. वॉश वाळल्यावर तपकिरी रंगावर पांढुरकी साय आली, कडेला जाड, मधे विरळ. भिंगातून पाहिलं तर बारीक बारीक कण. उन्हाळ्यात वावरात क्षार फुटतात ना, अगदी तसं. आई मागून आली, पान पाहिलं आणि म्हणाली, "हे तर आपलं खालचं वावर." तेव्हापासून जमिनीची सगळी पानं मी विहिरीच्याच पाण्याने करतेय. नातीचा चेहरा आणि आभाळ मात्र कॅनच्या पाण्याने.

आता धास्ती पावसाळ्याची आहे. मीठ हवेतली ओल ओढतं. ही पानं दमट होऊन रंग पसरेल का, बुरशी धरेल का? वरून मॅट फिक्सेटिव्ह (रंग पक्का राहावा म्हणून मारायचा बिनचमकीचा फवारा) मारलं तर ते कण विरघळतील की टिकतील? कुणी करून पाहिलंय?

दुसरं, स्कॅनर. ६०० डीपीआयला स्कॅन केलं तरी ती साय नुसती फिक्कट डाग दिसते, कणांचा उठाव जातो. बाजूने तिरपा उजेड टाकून मोबाइलने फोटो काढला तर उठाव येतो, पण दर पानाचा उजेड वेगळा. आमच्याकडे भारनियमन असल्याने दिव्यावर भरवसा नाही, खिडकीच्या उजेडावरच करावं लागणार. ३८ पानांचा रंग एकसारखा राहावा म्हणून प्रत्येक फोटोत करड्या रंगाचं कार्ड ठेवून नंतर जुळवणं पुरेल का? छपाईसाठी जलरंगाची पानं फोटोवरून दिलेलं कुणी आहे का इथे? जूनच्या आत ही पानं कॅमेऱ्यात उतरवायची आहेत.