डीडीटीचे मातीतील अर्धायुष्य: २ वर्षे की १५ वर्षे?

जिज्ञासू:
डीडीटी या कीटकनाशकाचे मातीतील अर्धायुष्य, म्हणजे त्याचे प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ, कुठे २ वर्षे, तर कुठे १५ वर्षे दिलेले आढळते. रेणू एकच असताना एवढी तफावत कशी पडते? शिवाय वापर थांबून कित्येक दशके लोटल्यावरही नद्यांच्या गाळात अशी रसायने सापडतात, हे त्या आकड्यांशी कसे जुळवावे?

मृद्गंध:
अर्धायुष्य हा शब्द किरणोत्साराच्या शास्त्रातून उसना घेतला आहे आणि घोटाळा तिथेच होतो. किरणोत्सारी मूलद्रव्याचे अर्धायुष्य सर्वत्र सारखेच असते. डीडीटीचे मात्र रेणू, माती आणि हवामान यांच्या मेळावर ठरते. डीडीटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते मातीतील सेंद्रिय पदार्थाला चिकटून राहते, आणि तो पदार्थ जितका जास्त तितकी ही पकड घट्ट. उष्ण प्रदेशात त्याचा बराच भाग हवेत उडून जातो. अशा वेळी मातीतील प्रमाण घटते, पण रसायन नष्ट झालेले नसते.

काळाचा परिणाम याहून महत्त्वाचा आहे. वर्षे जातात तसे रेणू ह्यूमसच्या (मातीतील कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाच्या) दाट भागांत आणि कणांच्या अतिसूक्ष्म छिद्रांत शिरतात, जिथे जिवाणूंचा शिरकाव होत नाही. त्यामुळे घट आरंभी वेगाने होते आणि पुढे रेंगाळते. पहिल्या काही वर्षांच्या मोजणीवरून पुढच्या पन्नास वर्षांचा हिशेब मांडला, तर तो चुकणारच. त्यातच ऑक्सिजन असलेल्या मातीत डीडीटीपासून डीडीई हे त्याच्याच जवळचे संयुग बनते आणि तेही तितकेच चिवट असते.

गाळवाचक:
गाळात वरचा पातळ थर सोडला, तर ऑक्सिजन जवळपास नसतोच. तिथे डीडीटीचे प्रामुख्याने डीडीडी हे दुसरे संयुग होते, आणि पीसीबी या क्लोरीनयुक्त औद्योगिक रसायनांच्या रेणूंवरील क्लोरीनचे अणू काही जिवाणू एकेक करून काढतात. मात्र रेणूचा सांगाडा तसाच राहतो. तो मोडण्यासाठी बहुधा ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू लागतात. क्लोरीन कमी झालेले रेणू पाण्यात किंचित अधिक विरघळतात, हेही विसरता कामा नये.

अमेरिकेतील हडसन नदीत दोन कारखान्यांतून सुमारे १९४७ ते १९७७ या काळात पीसीबी सोडले गेले, आणि २००९ ते २०१५ दरम्यान तिथला गाळ उपसावा लागला. नवा गाळ साचून जुना खाली गाडला जातो हे खरे, पण मोठा पूर आला की तोच पुन्हा ढवळून वर येतो. उपशानेही काही काळ तसेच होते, त्यामुळे उपसणे हाच नेहमी योग्य उपाय असतो, असे मला वाटत नाही.

जिज्ञासू:
मग प्रयोगशाळेने दिलेला एकूण प्रमाणाचा आकडा धोक्याविषयी नेमके काय सांगतो?

मृद्गंध:
एकटा तो आकडा फारसे सांगत नाही. तीव्र द्रावकाने मातीतून जेवढे ओढून काढता येते, तेवढे सगळे गांडुळाच्या किंवा मुळाच्या वाट्याला येत नाही. मार्टिनिक आणि ग्वादलूप या कॅरिबियन बेटांवरील केळीच्या बागांत १९७२ ते १९९३ या काळात क्लोरडेकोन हे कीटकनाशक वापरले गेले. तिथल्या अ‍ॅलोफेन नावाची चिकणमाती असलेल्या ज्वालामुखीय जमिनींत ते सर्वाधिक साठले, तरी पिकांकडे आणि पाण्याकडे जाणारा त्यातला वाटा इतर जमिनींच्या तुलनेत कमी आहे. म्हणून एकूण साठ्याबरोबर मातीतील पाण्यात मोकळे असलेले प्रमाणही मोजावे. त्यासाठी पॉलिथिलीनची पातळ पट्टी गाळात काही आठवडे पुरून ठेवतात आणि तिने शोषलेल्या रसायनावरून ते काढतात.