मदत हवी आहे: पेनड्राइव्हमधले व्हायरस अडवायचेत, पण मशीन रांगायला नको

मंडळी, तालुक्याच्या गावी माझं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, परीक्षेचे फॉर्म. कामाचं मशीन एकच: विंडोज १०, ४ जीबी रॅम, जुनी हार्डडिस्क. दिवसाला दहा-पंधरा पेनड्राइव्ह लागतात, ते कुठून कुठून फिरून आलेले असतात देव जाणे.

गेल्या मंगळवारी एकाचा पेनड्राइव्ह लावला, तर सगळ्या फोल्डरांवर बाणाची खूण. सवयीनं डबल क्लिक केलं आणि संपलं. मग जो पेनड्राइव्ह लावीन त्याचे शॉर्टकट! दुपारपर्यंत चार गिऱ्हाइकं परत, "तुमच्याकडे लावला आणि फाइली गेल्या."

भाच्यानं रात्री बसून दोन अँटीव्हायरस टाकले, एक फुकटचा, एक ट्रायल. व्हायरस गेला असावा. पण आता मशीन चालू करून समोरच्या टपरीवर चहा पिऊन आलो तरी चक्र फिरतंच असतं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के. कोरल (पत्रिका डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) उघडायला चार मिनिटं, तेही अँटीव्हायरस बंद करून, नाहीतर तो कोरलची एक फाइल उडवतो.

हलका अँटीव्हायरस कोणता? बजेट बेताचं आहे.

खटपट्या:
तिसरा शोधू नका, आहेत ते दोन्ही काढा. फाइल उघडली की दोघंही ती तपासतात, त्यात तुमची जुनी डिस्क दमते. दोन्ही काढलेत की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू होतो. मग त्यातला ऑफलाइन स्कॅन एकदा चालवा. मशीन रीस्टार्ट होऊन साधारण १५ मिनिटं जातात, दुकान बंद करताना लावा.

गिऱ्हाइकांच्या फाइली बहुधा गेलेल्या नाहीत, लपवल्यात. एक्स्प्लोररच्या पर्यायांत लपलेल्या फाइली दाखवा, आणि 'सिस्टिमच्या संरक्षित फाइली लपवा'वरची खूणही काढा. दुसरी खूण लोक विसरतात आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट करून बसतात.

रोजचं काम सगळे अधिकार असलेल्या ॲडमिन खात्यावरून करू नका, कमी अधिकारांचं स्टँडर्ड खातं काढा. आणि पैसे खर्चायचेच तर अँटीव्हायरसवर नको, एसएसडीवर (हार्डडिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कवर) खर्चा. फरक पहिल्याच दिवशी दिसेल.

माजघर:
विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी वेगळी नोंदणी लागते, ती केलीय का बघा. २०१७ साली वॉनाक्राय हे रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्राम) आलं तेव्हा त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, दोन महिने आधीच निघाला होता. ज्यांनी टाकला नाही तेच अडकले.

बाकी, कोरलची 'एक फाइल' म्हणजे क्रॅकच ना, विकत न घेता सॉफ्टवेअर चालवायची? रागावू नका, पण जिच्यासाठी पहारा उठवता, ती फाइल आत काय करते हे कोणी पाहिलंय? पत्रिकांचा बॅकअप एक्स्टर्नल डिस्कवर घ्या आणि डिस्क काढून ठेवा. लावलेली राहिली तर रॅन्समवेअर तीही लॉक करतं.

धागाकर्ता:
क्रॅकच आहे, खोटं कशाला बोलू. दोन्ही अँटीव्हायरस काढले. आज चहा अर्धा असतानाच डेस्कटॉप आला. चारपैकी तीन जणांच्या फाइली सापडल्या, चौथ्यानं पेनड्राइव्ह आधीच फॉरमॅट केला होता.

आता पुढचा प्रश्न: इंकस्केप या मोफत डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये माझ्या जुन्या सीडीआर (कोरलच्या फाइलींतल्या) पत्रिका उघडतील का? लग्नसराई तोंडावर आहे, कोणी करून पाहिलं असेल तर सांगा.