अल्मा-टाडेमाचं ग्रीस खरं, की लंडनच्या दिवाणखान्यातलं?

संगमरवर:
व्हिक्टोरियन (राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्लंडमधल्या) चित्रकारांनी रंगवलेलं प्राचीन ग्रीस म्हणजे श्रीमंतांच्या भिंतीवरची गोड सजावट, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते अजिबात पटत नाही. त्यांतल्याच लॉरेन्स अल्मा-टाडेमाचं १८६८चं, ग्रीक शिल्पकार फिडियसचं चित्र बघा (बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात आहे). अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या उंच परांचीवर फिडियस उभा आहे, आणि अथेन्सचा नेता पेरिक्लीस, त्याची सहचरी आस्पाशिया वगैरे मंडळी शिल्पपट्टी जवळून बघायला वर आली आहेत. पट्टीवरचे घोडेस्वार पांढरे नाहीत! मागे निळा रंग, अंगं तपकिरी. ग्रीक शिल्प म्हणजे शुभ्र संगमरवर ही समजूत तेव्हा घट्ट होती आणि रंगांवरून विद्वानांत वाद चालू होता. त्यात यानं उघड बाजू घेतली.

अबोली:
रंग बरोबर असतील, माणसं नाहीत. पाहुण्यांपुढे बांधलेला तो दोर, ती घोळक्यानं बोलणारी मंडळी... हा लंडनमधल्या प्रदर्शनाचा पहिला दिवस आहे. त्याचंच 'सॅफो आणि अल्केअस' (१८८१) घ्या. दोघंही ग्रीक कवी; सॅफो लेस्बॉस बेटावरची, इसवी सनपूर्व ६००च्या आसपासची. बसायची आसनं मात्र अथेन्सच्या डायोनिसस नाट्यगृहातली, कितीतरी नंतरची. वस्तूंची हुबेहूब नक्कल म्हणजे जीवनाचं चित्रण नव्हे.

संगमरवर:
त्या आसनांवर मुळात पुरोहितांची, अधिकाऱ्यांची पदं कोरलेली होती. ती काढून त्यानं सॅफोच्या सख्यांची नावं घातली. आसनं कुठली आहेत हे पक्कं ठाऊक असलेल्या माणसाचं हे काम आहे.

दुपारचं_ऊन:
तुम्ही दोघंही अल्मा-टाडेमावरच अडलात. फ्रेडरिक लेटनची 'बंदिवान अँड्रोमकी' मँचेस्टरला आहे, ती बघा. ट्रॉयच्या युद्धात मारल्या गेलेल्या राजपुत्र हेक्टरची विधवा काळ्या वस्त्रात, परक्या मुलखात पाण्यासाठी ताटकळत उभी. समोर एक जोडपं बाळाला खेळवतंय. तिचं काय काय गेलं ते तेवढ्यात कळतं. याला सजावट कसं म्हणायचं?

अबोली:
चित्र मलाही फार आवडतं. पण दुःख कुणाचं रंगवलं? राजघराण्यातल्या बाईचं. जन्मापासून गुलाम असलेल्या बाईच्या वाट्याला या चित्रांमध्ये डौलदार घडा आणि सुंदर मान एवढंच येतं.

संगमरवर:
तरी रंगाचा मुद्दा किरकोळ नाही. १९३७-३८ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉनची शिल्पं आणखी पांढरी दिसावीत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी खरवडली गेली. त्याच्या ७० वर्षं आधी एका चित्रकाराला ती रंगीत दिसली होती. संग्रहालयवाल्यांपेक्षा त्याची नजर जास्त खरी होती.

अबोली:
खरवडण्याबद्दल तुमच्याइतकाच मलाही राग आहे. पण परांचीवर पुन्हा एकदा नजर टाका, सगळे पाहुणेच. शेजारच्या एरेक्थिऑन मंदिराच्या बांधकामाचे हिशेब दगडावर कोरलेले सापडले आहेत. त्यांत नागरिक, परदेशी रहिवासी आणि गुलाम एकाच कामावर आहेत, मजुरीही सारखीच, साधारण दिवसाला एक द्राख्मा (ग्रीकांचं चांदीचं नाणं). ग्रीक जीवन रंगवायचं होतं तर फिडियसच्या शेजारी ही माणसं हवी होती.