यान सहा-सहा महिने स्टेशनला बांधून का ठेवतात?

पार्लेकर_पक्या: मंडळी, बाळबोध शंका आहे, हसू नका. काल जेवताना भाचीला सुनीता विल्यम्सची गोष्ट सांगत होतो, आठ दिवसांसाठी स्पेस स्टेशनवर गेल्या आणि 286 दिवसांनी आल्या वगैरे, तर ती म्हणते मामा मग दुसरं यान पाठवून लगेच आणायचं ना. मी म्हटलं अगं ती काय रिक्षा आहे का, पण नंतर मलाच उत्तर सुचेना. मुळात माणसं सोडून यान परत का येत नाही? एवढी महागडी वस्तू सहा-सहा महिने नुसती पार्किंगला?

खग्रास: पार्किंग नाही हो, ती लाइफबोट आहे. स्टेशनवर जेवढी डोकी तेवढ्या परतीच्या सीटा तिथे लागलेल्या यानांमध्ये कायम असायलाच हव्यात, आग लागली, हवा गळायला लागली की आपापल्या यानात बसायचं आणि सुटायचं. अमेरिकेचं स्पेस शटल एवढं अवाढव्य होतं पण ते जेमतेम दोन-अडीच आठवडे वर टिकायचं, म्हणून शटल चालू असतानासुद्धा एक रशियन सोयुझ यान कायम स्टेशनला चिकटलेलं असायचं. 2011 ला शटल बंद झालं आणि मग मे 2020 मध्ये स्पेसएक्सचं क्रू ड्रॅगन यान माणसं घेऊन जाईपर्यंत सगळा भार सोयुझवरच.

आणि सीट म्हणजे एसटीची सीट नाही, की सरका जरा. सोयुझमध्ये प्रत्येकाच्या पाठीचा प्लास्टरमध्ये साचा घेऊन त्याच्या मापाचा लायनर (सीटवरचं अस्तर) बनवतात, कारण कझाकस्तानात उतरताना पॅराशूट असूनही चांगलाच दणका बसतो (अगदी जमिनीजवळ आल्यावर छोटी रॉकेटं पेटतात तरीही). डिसेंबर 2022 मध्ये एका सोयुझचं कूलंट (यान थंड ठेवणारं द्रव) गळून गेलं, तेव्हा त्यातून गेलेल्या अमेरिकन फ्रँक रुबिओचा लायनर उचलून चक्क शेजारच्या ड्रॅगनमध्ये नेऊन बसवला होता, बदली सोयुझ रिकामं वर येईपर्यंत. तो बिचारा मग 371 दिवस राहिला, त्याची कुणी एवढी बातमी केली नाही.

पार्लेकर_पक्या: अरे वा, हे माहीतच नव्हतं. मग सुनीताताईंचं काय, त्यांची लाइफबोटच बिघडलेली ना?

मधली_सुट्टी: तेच सांगते. जून 2024 मध्ये त्यांचं यान, बोईंगचं स्टारलायनर, स्टेशनजवळ जाताना 28 पैकी पाच थ्रस्टर (यान वळवणारी छोटी इंजिनं) बंद पडले, शिवाय हीलियमची गळती. गंमत (म्हणजे गंमत नाही) अशी की हे थ्रस्टर ज्या भागात असतात तो सर्व्हिस मॉड्यूल परतीच्या वाटेवर सोडून देतात, तो जळून जातो, म्हणजे बिघडलेला पार्ट गॅरेजमध्ये आणून उघडायची सोयच नाही. मग जमिनीवर तसाच एक थ्रस्टर पेटवून बघितला तर आत टेफ्लॉनचं सील गरम होऊन फुगलेलं दिसलं. शेवटी सप्टेंबरमध्ये यान रिकामं परत पाठवलं, ते व्यवस्थित उतरलं हा भाग वेगळा. आणि दुसरं यान पाठवलं की! नेहमीच्या फेरीच्या ड्रॅगनमधून चारऐवजी दोघंच गेले, दोन सीटा यांच्यासाठी रिकाम्या. पण मधले तीन आठवडे सुनीता आणि त्यांचे सहकारी बुच यांच्या वाट्याला सीट नव्हतीच, वेळ आली असती तर आधीच्या ड्रॅगनमध्ये सामान ठेवायच्या जागी फोमवर स्वतःला बांधून घेऊन यायचं ठरलं होतं.

बारा_गावचं_पाणी: थोडक्यात बोईंगने 4.2 अब्ज डॉलरचं कंत्राट घेतलं, स्पेसएक्सने 2.6 अब्जात काम करून दाखवलं. विषय संपला.

खग्रास: एवढा सोपा नाहीये विषय. एप्रिल 2019 मध्ये ड्रॅगनची कॅप्सूल टेस्ट स्टँडवर उडाली होती, व्हॉल्व्हमधून गळलेलं ऑक्सिडायझर (इंधन जाळायला लागणारं रसायन) नको तिथे जाऊन बसलं म्हणून. आत कुणी नव्हतं हे नशीब. आणि ज्याला आपण भरवशाचं म्हणतो त्या सोयुझने सुरुवातीच्या चार वर्षांत चार जण घेतलेत. 1967 ला सोव्हिएत अंतराळवीर कोमारोव, पॅराशूट नीट उघडलं नाही. 1971 ला सल्युत 1 या सोव्हिएत स्टेशनवर 23 दिवस राहून तिघे परत येत होते, मॉड्यूल सुटे होताना एक व्हॉल्व्ह उघडला आणि सगळी हवा गेली, अंगात प्रेशर सूट नाहीत, कारण सूट घातले तर तिघे मावत नव्हते! त्यानंतर दोघांनाच पाठवायला लागले, सूट घालून, आणि सूटसकट तिघे बसायला 1980 उजाडलं. राकेश शर्मा 1984 ला गेले ते या नव्या तीन सीटवाल्या सोयुझमधून.

बारा_गावचं_पाणी: बरं बाबा, शब्द मागे. पण पैसे जास्तच घेतले :)

मधली_सुट्टी: पक्या, भाचीला चीनचंही सांगा. नोव्हेंबर 2025 मध्ये त्यांच्या स्टेशनला लागलेल्या शेनझोऊ 20 यानाच्या खिडकीला तडा गेलेला दिसला, म्हणून ते तिघे नव्या टीमच्या यानातून खाली आले, मग नवी टीम वर बिनलाइफबोटीची, तर दीड आठवड्यात दुसरं यान रिकामं पाठवलं.

पार्लेकर_पक्या: सांगितलं सगळं. आता म्हणतेय फोमवर झोपून यायचं तर मान कशी धरून ठेवायची. कुणाला माहितेय का?