वेलिगामा की अरुगम बे? श्रीलंकेत सर्फिंग केलेल्यांनो, अनुभव लिहा

कर्नाटकातल्या मुल्कीला बोर्डवर उभं राहायला शिकले, आता श्रीलंकेला जायचं मनात आहे. दक्षिणेला वेलिगामा, पूर्वेला अरुगम बे. एका सुट्टीत दोन्ही होणार नाहीत. वाचून एवढं कळलं की आधी महिना ठरवायचा, मग गाव. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारे वेलिगामाच्या बाजूला थेट समुद्रावरून येतात, आपल्या कोकणासारखंच पाणी खवळतं. तेच वारे बेट ओलांडून पूर्व किनाऱ्यावर जमिनीकडून येतात, त्यामुळे तिथली लाट नीट, गुळगुळीत उभी राहते. शिवाय दक्षिण गोलार्धात तेव्हा हिवाळा असतो आणि तिकडच्या वादळांतून उठलेल्या लाटा अरुगमपर्यंत पोचतात. म्हणजे वेलिगामा नोव्हेंबर ते एप्रिल, अरुगम साधारण मे ते सप्टेंबर. मला फेब्रुवारीत किंवा ऑगस्टमध्ये रजा मिळेल. एकटी जाणार आहे. जे गेलेत त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

खारंवारं, ठाणे

वेलिगामा! पन्नाशी उलटल्यावर शिकले मी, म्हणून ठामपणे सांगते. खाडी अर्धगोल, तळाला वाळू, कंबरभर पाण्यात प्रशिक्षक बोर्ड धरून उभा राहतो आणि लाट आली की ढकलतो. पडलं तरी वाळूवरच. सुरुवातीचे दिवस फक्त फेसाच्या पाण्यात जातात, त्याची घाई करू नकोस. पालथं पडून हाताने पाणी मारताना मान वर ठेवायची असते, ते जमेपर्यंत मान आणि खांदे इतके दुखतात की रात्री केस विंचरता येत नाहीत. पण ज्या दिवशी न ढकलता स्वतः लाट पकडली, त्या दिवशी किनाऱ्यावर येऊन मी रडले.

गर्दी मात्र खूप. सकाळी नऊनंतर शिकणाऱ्यांचे बोर्ड एकमेकांवर येतात, म्हणून उजाडताच पाण्यात जा. सैल टी-शर्ट नको, पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा घट्ट टी-शर्ट, आणि लेगिंग घाल. बोर्डवर घासून पोटाची सालं निघतात.

लाटांचा_नाद, बंगळूर

तू ऑगस्ट म्हणालीस म्हणून अरुगमबद्दल लिहितो. तिथली मुख्य लाट, मेन पॉइंट, खडकाच्या टोकाशी फुटते आणि उजवीकडे उलगडत किनाऱ्यालगत लांबवर जाते. चांगल्या दिवशी एकाच लाटेवर इतका वेळ राहता येतं की पाय थरथरायला लागतात. तळाला खडक आहे, त्यात सी अर्चिन, म्हणजे काटेरी समुद्री जीव, त्यामुळे उतरताना पाय आपटायचा नाही, पाण्यावर आडवं पडायचं. आणि नियम कडक: लाट जिथे फुटते त्याच्या सगळ्यांत जवळ जो असेल, लाट त्याची. त्याच्यापुढे मध्येच घुसलं तर लोक ओरडतात आणि ते बरोबरच आहे, कारण धडक बसली की बोर्डखालची पाती, फिन, मांडीत घुसते.

नवशिक्यांसाठी बेबी पॉइंट आहे. पहाटे टुकटुकच्या, म्हणजे तिथल्या रिक्षाच्या, टपावर बोर्ड बांधून दक्षिणेला पीनट फार्म किंवा उत्तरेला व्हिस्की पॉइंट गाठायचा, तिथे लाट जरा मवाळ. मला तो प्रवासच सगळ्यात आवडला. दोन्हीकडे झुडपं, मध्येच पाणथळ, कडेला मोर. तिन्हीसांजेला मात्र त्या रस्त्यांवर हत्ती येतात. टुकटुकवाला नको म्हणाला तर हट्ट करू नका.

भाकरी_आणि_मीठ, नागपूर

शाकाहारींनो, पोल संबोल मागताना विचारा. ओलं खोबरं, मिरची, लिंबू, इथवर ठीक, पण त्यात बहुतेक ठिकाणी सुक्या टुनाचा चुरा असतो. 'उंबलकड नको' म्हटलं की समजतात. पोल रोटी म्हणजे खोबरं घातलेली जाड भाकरीच, परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातली मसूर डाळ. दोन्ही गावांत आमचं पोट व्यवस्थित भरलं.

रत्नांग्री

आणि खाणाऱ्यांनी अंबुल थियाल चुकवू नये. टुना गोरका घालून आटवतात. गोरका आपल्या कोकमाचाच भाऊबंद. पहिल्या घासाला आईची आठवण आली.

मुक्काम_पोस्ट, पुणे

जास्त दिवस राहायचं असेल तर वेलिगामाच्या अलीकडचं अहंगमा बघा. मी तिथून ऑफिसचं काम केलं. भारत आणि श्रीलंकेचं घड्याळ एकच, त्यामुळे मीटिंगची ओढाताण नाही: पहाटे लाटा, दहाला लॅपटॉप. इंटरनेट बरं, गॉल जवळ, आणि कोलंबोहून किनाऱ्याने रेल्वे येते. फोर्ट स्टेशनला उजवीकडची खिडकी पकडा, समुद्र अगदी रुळाला लागून आहे. अरुगमला रेल्वे नाही, कोलंबोहून रस्त्याने अख्खा दिवस मोडतो. हंगाम संपला की तिथे बरंच बंद होतं. राहत्या घरमालकाशी महिन्याचं भाडं ठरवताना वीजबिल कोणाचं हे लिहून घ्या. माझ्या मालकाने शेवटच्या दिवशी एसीचं वेगळं बिल पुढे केलं.

एकटीच_भटकते, दोहा

एकटीने दोन्हीकडे राहिले. वेलिगामाला दिवसा निर्धास्त. अरुगमला मुस्लिम, तमिळ, सिंहली अशी सगळी वस्ती आहे, किनारा सोडून शेजारच्या पोट्टुविल गावाच्या बाजारात जाताना अंगभर कपडे घाल, लोक फार आपुलकीने बोलतात. रात्री किनाऱ्यावर एकटी फिरू नकोस, दोन्हीकडे. पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, सुट्टी असते, दारू विकत नाहीत आणि बसना गर्दी, तो दिवस प्रवासाला धरू नकोस.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मुल्कीत माझ्या पायाखाली कायम वाळू होती, खडकावरच्या लाटेला मी अजून तयार नाही. फेब्रुवारी, वेलिगामा नक्की. ठाण्याच्या ताई, तुमचे प्रशिक्षक अजून तिथेच शिकवतात का? आणि बंगळूरचे दादा, पुढच्या ऑगस्टला थेट बेबी पॉइंटवर उतरायचं तर त्याआधी काय काय जमायला हवं?