मदत हवी आहे: दिवाळीच्या सुट्टीत मुंबई, पाच जण, परवडणारं आणि पोरांना मजा येईल असं हॉटेल सुचवा

नमस्कार मंडळी,

भाऊबीज झाली की आम्ही मुंबईला जायचं ठरवलंय. सांगलीच्या विश्रामबागेतनं निघणार, गुरुवारी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, शुक्रवारी सकाळी मुंबईत आणि सोमवारी रात्रीच्या महालक्ष्मीनंच परत. तिकिटं झालीत, हल्ली रिझर्वेशन ६० दिवस आधीच उघडतं त्यामुळं त्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला मिस्टर लॅपटॉपवर आणि मी मोबाईलवर बसलो होतो, पाचही बर्थ कन्फर्म मिळाले. आता घोडं अडलंय ते हॉटेलवर. रोज रात्री जेवणं झाली की आम्ही दोघं मोबाईल घेऊन बसतो, फोटो बघतो, रिव्ह्यू वाचतो आणि काहीच न ठरवता झोपतो.

माणसं कोण कोण ते सांगते म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. आम्ही दोघं, सासूबाई, मुलगी पाचवीत, मुलगा मोठ्या गटात. बजेट एका रात्रीचं साडेचार हजारापर्यंत, टॅक्स धरून. त्यात एक मोठी खोली मिळाली तर उत्तम, दोन लहान शेजारीशेजारी मिळाल्या तरी चालतील, पण वेगवेगळ्या मजल्यावर नकोत.

घरात दोन पार्ट्या पडल्यात. मिस्टरांनी नवी मुंबईत एक हॉटेल शोधलंय, स्विमिंग पूल आहे, नाश्ता फुकट, खोली चांगली ऐसपैस दिसतेय, आणि पूल म्हटल्यावर मुलगी तर लगेच तिकडं झाली. रेट पण बसतोय. पण मला वाटतं की तिथनं रोज मुंबईत यायचं, म्हणजे सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास, पोरं दमणार, सासूबाईंचे गुडघे दुखणार, आणि पुलात उतरायला वेळ तरी कधी मिळणार. माझ्या मनात दादर आहे. खोली लहान असेना पण खाली उतरलं की मुंबई पाहिजे. दुपारी पोरं पेंगायला लागली की तासभर येऊन झोपवता आली पाहिजेत, हे मला पुलापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

आणि दादर म्हणण्याचं अजून एक कारण आहे. सासरे परळच्या गिरणीत होते. सासूबाई लग्न होऊन लालबागला चाळीत आल्या, पहिली काही वर्षं तिथंच काढली. ८२ चा संप झाला आणि घरच्यांना शिराळ्याकडं गावी परत यावं लागलं, त्यानंतर मुंबईला जाणं झालं ते कुणाच्या लग्नाला नाहीतर मयताला, त्याच दिवशी परत. आत्ता विचारलं तर म्हणतात "मला काय बघायचंय गं, पोरांना दाखवा." पण परवा भांडी लावता लावता मला विचारत होत्या, लालबागला ती मसाल्याची गल्ली अजून आहे काय, तिथं उभं राहिलं की डोळ्यातनं पाणी यायचं मिरचीच्या खकान्यानं. त्यांना एक सकाळ तिकडं निवांत न्यायचंय. घाईत टॅक्सीतनं "ते बघा लालबाग" असं नको.

आता अडचणी सांगते, अनुभवी लोकांनी यावरच जास्त लिहा.

गाडी सकाळी सातच्या आसपास पोचते आणि सगळी हॉटेलं चेक-इन बारा नाहीतर दोन सांगतात. रात्रभर प्रवास करून आलेली दोन पोरं आणि सासूबाई, पाच तास कुठं बसायचं? आंघोळ, चहा, औषधं, सगळंच अडतं. अर्ली चेक-इनचं ऑनलाईन लिहिलेलं असतं "उपलब्धतेनुसार", त्यावर भरवसा ठेवून पाच माणसं कशी न्यायची.

दुसरं म्हणजे एक्स्ट्रा बेड. मागं एका गावी (हॉटेलचं नाव घेत नाही) फोनवर "हो हो फॅमिली रूम आहे" म्हणाले आणि एक्स्ट्रा बेड म्हणून रात्री दहाला एक पातळ गादी आणून टाकली, ती पण बाथरूमच्या दाराला टेकून, आत जाणारा प्रत्येकजण गादीवरनं पाय देऊन जायचा, सकाळपर्यंत तिचं एक टोक ओलं झालेलं. त्याचे पैसे वेगळे लावले होते. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण तेव्हापासून मला खोलीचा फोटो बघितला की आधी गादी कुठं पडेल तेच दिसतं.

तिसरं लिफ्ट आणि कमोड. लिफ्ट आहे म्हणतात पण जुन्या बिल्डिंगमध्ये लिफ्टपर्यंत जायलाच सात-आठ पायऱ्या असतात, ते कुणी सांगत नाही.

आणि मुलाची एकच मागणी आहे, खिडकीतनं लोकल दिसली पाहिजे. बाकी त्याला पूल नको, समुद्र नको. आमच्या विश्रामबाग स्टेशनला गाडी आली की तो जेवण सोडून गच्चीवर जातो. अशी खोली दादरला या पैशात मिळते का? नसेल मिळत तर तसंही सांगा.

मिरजकर:

ताई, मी मूळ मिरजेचा, आता बरीच वर्षं परळला आहे. तुमचा विचार एकदम बरोबर आहे, दादरच धरा, आणि त्यात दादर पूर्व. नकाशा उघडा आणि दादर टीटीच्या चौकातनं जो आंबेडकर रोड खाली जातो तो बघा. हिंदमाता, परळ, लालबाग, आणि तसंच पुढं गेलं की भायखळ्याला राणीबाग, सगळं त्या एकाच रस्त्यावर. सासूबाईंचं लालबाग आणि पोरांचे पेंग्विन एका बसच्या रूटवर येतात, ट्रेन बदलायची भानगड नाही. फक्त राणीबाग बुधवारी बंद असते, तुम्ही शुक्र ते सोम आहात म्हणजे प्रश्न नाही, पण रविवारी जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते. मसाल्याची गल्ली आहे हो अजून, मिरच्या डोळ्यासमोर कांडून देतात, आणि चिवड्याची गल्ली पण जवळच. आईंना सांगा.

महालक्ष्मी दादरला थांबते, सीएसएमटीपर्यंत जाऊच नका. आणि एक लक्षात ठेवा, आपल्याकडच्यासारखी रिक्षा दादरला मिळणार नाही, रिक्षा सायन आणि वांद्र्याच्या अलीकडं येतच नाहीत, तिथं काळीपिवळी टॅक्सी. तिच्यात चार माणसं बसतात, पाचवा लहान आहे म्हणून बहुतेक घेतील पण सामान असेल तर कटकट करतात.

चेक-इनचं असं करा. दादर स्टेशनच्या आसपास बरीच लहान हॉटेलं २४ तासांच्या हिशोबानं खोली देतात, म्हणजे सकाळी आठला घेतली तर दुसऱ्या दिवशी आठला दिवस पूर्ण. ॲपवर हे दिसत नाही, थेट फोन करून "चोवीस तास चेकआउट आहे का" असं विचारा. सोमवारी सकाळी आठला खोली सोडावी लागेल, तेव्हा दिवसभर बॅगा ठेवून घेणार का हे पण त्याच फोनवर विचारा. नाहीतर स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाका, फक्त प्रत्येक बॅगेला कुलूप पाहिजे, त्याशिवाय घेत नाहीत.

खिडकीचं मात्र जरा विचार करा. रुळाकडची खोली मिळेल, पण लोकल रात्री एकपर्यंत चालू आणि पहाटे चारला परत सुरू, आईंची झोप होणार नाही. त्यापेक्षा मागच्या बाजूची शांत खोली घ्या आणि पोराला संध्याकाळी स्टेशनच्या पुलावर घेऊन उभं राहा. सेंट्रल आणि वेस्टर्न दोन्हीकडच्या गाड्या एकाच वेळी खालनं जातात. तासभर हलणार नाही तो.

हळदबाजार:

वहिनी, मी उलटं सांगणार. आम्ही गेल्या वर्षी वाशीला राहिलो होतो, पूल होता, पोरं रोज संध्याकाळी पाण्यात. मजा म्हणजे पोरांसाठी तीच असते हो, म्युझियम वगैरे ती विसरतात. प्रवास होतो हे खरं, पण खोली मोठी, स्वच्छ, आणि त्याच पैशात दादरला तुम्हाला कोंदट खोलीच मिळणार. मुंबईत स्वस्तातल्या खोलीला खिडकीच नसते किंवा असली तर ती डक्टमध्ये उघडते, उजेड येत नाही आणि शेजारच्या किचनचा वास येतो. हे बघूनच घ्या.

आणि टॅक्सचं सांगतो, साडेसात हजारापर्यंतच्या खोलीवर २०२५ च्या सप्टेंबरपासनं ५ टक्के जीएसटी आहे, आधी १२ होता. कुणी अजून जुन्या हिशोबानं सांगत असेल तर विचारा.

शिवाजी पार्क:

दोघांचंही बरोबर आहे पण आजी बरोबर आहेत म्हटल्यावर मी पण दादरच म्हणेन. मुलीला पूल नाही मिळाला तर मेट्रोत बसवा की. आरे ते कफ परेड भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासनं पूर्ण चालू आहे, दादर पश्चिमेला स्टेशन आहे, लिफ्ट आणि सरकते जिने असल्यानं गुडघेवाल्यांना लोकलपेक्षा कितीतरी सोपी. त्याच मेट्रोला विज्ञान केंद्र नावाचं स्टेशन आहे, तिथनं वरळीचं नेहरू सायन्स सेंटर. तिथं प्रत्येक गोष्टीला हात लावून बघता येतं, पाचवीतल्या मुलीला तिथनं बाहेर काढायला तुम्हालाच ओढावं लागेल. परत पुढं गेलात तर गिरगाव, चर्चगेट, सगळं त्याच लाईनवर.

लोकल दाखवायची असेल तर दुपारी अकरा ते चार, आणि रविवारी नको, मेगाब्लॉक असतो. एलिफंटाचा विचार असेल तर सोमवारी लेणी बंद, आणि तिथं पायऱ्या भरपूर आहेत, आजींना नाही जमायचं.

सकाळी नाश्ता फुकट असलेल्या हॉटेलचा मोह सोडा, दादरला तुम्ही बाहेरच खाणार आहात. शिवाजी पार्कला आस्वादची मिसळ, प्रकाशचा साबुदाणा वडा. आपल्या मिसळीसारखा झणका नाही, पण पोरं खातात.

मूळ प्रश्नकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. मिरजकर दादा, तुमचा तो एका रस्त्याचा मुद्दा मी मिस्टरांना नकाशावर बोट ठेवून दाखवला आणि ते लगेच तयार झाले. सासूबाईंना मसाल्याच्या गल्लीचं वाचून दाखवलं तर म्हणाल्या की मग घरची बेडगी आणि संकेश्वरी बरोबर घेऊ, तिथनंच कांडून आणू, वर्षभराचा नको, दोन किलो पुरे. म्हणजे आता सामानात मिरच्या पण आहेत.

हळदबाजार भाऊ, पोरांचं तुम्ही म्हणता ते मला पटतं, मुलगी जरा हिरमुसलीच आहे, तिला मेट्रो आणि सायन्स सेंटरचं सांगितल्यावर थोडी खुलली. पण तुमच्यामुळं खिडकीचं कळलं. आज दुपारी दादर पूर्वच्या चार-पाच हॉटेलांना फोन लावले आणि प्रत्येकाला आता हेच विचारतेय: खिडकी बाहेरच्या बाजूला उघडते का, रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती, चौथा बेड खाटेवर की जमिनीवर, कमोड आहे का, आणि सकाळी आठला खोली हातात मिळेल का. व्हॉट्सॲपवर खोलीचा व्हिडीओ पाठवा म्हणते, फोटो नको, दारातनं सुरू करून बाथरूमपर्यंत. दोघांनी पाठवला. एकानं "मॅडम बुक करा, आल्यावर बघा" म्हटलं, त्याला मी नाही म्हणून टाकलं.

त्या दोनपैकी एक पसंत पडलंय. चार बेडची एकच खोली, दुसरा मजला, लिफ्ट रस्त्याच्या लेव्हललाच आहे, चेकआउट चोवीस तासांचं, रेट टॅक्स धरून बजेटच्या जरा खालीच. खिडकी मागच्या गल्लीत उघडते, लोकल दिसत नाही पण उजेड आहे. मुलाला स्टेशनच्या पुलाचं सांगितलंय, तो विचारतोय त्या पुलावर बसायला जागा आहे का.

आता फक्त एक शंका राहिली. ते अर्धे पैसे आधी यूपीआयनं टाका म्हणतात, पावती व्हॉट्सॲपवर देऊ. दादरच्या लहान हॉटेलांत अशीच पद्धत आहे का, की अगोदर एका रात्रीचेच द्यावेत? आणि मुंबईत कुणी दिवाळीनंतर लगेच असेल तर हेही सांगा, की त्या दिवसांत लालबागची मसाल्याची दुकानं आणि मिरची कांडायचा डंका चालू असतो का, कारण सासूबाईंनी आजपासूनच मिरच्या उन्हात घातल्यात.