विषय: पेढा स्वतःचीच शी खातो, काय करावं?

नमस्कार मंडळी,

सिंगापूर सोडून मुलुंडला आलो त्याला वर्ष होऊन गेलं, पण तिथल्या मराठी मंडळींच्या या मेल-लिस्टवरचं नाव काढवत नाही. गणपतीच्या वर्गणीची मेल आली की उगाच बरं वाटतं. आजचं काम मात्र वेगळं आहे. जेवत असाल तर नंतर वाचा.

मुलांच्या हट्टापायी लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं. अडीच महिन्यांचं आहे, नाव पेढा. गॅलरीत पेपरवर शी करतो आणि आम्ही फडकं आणेपर्यंत स्वतःच गट्ट करतो. मग धाकट्याचं तोंड चाटायला धावतो. सासूबाईंनी देवघराचं दार कायमचं लावून घेतलंय आणि घरात पेढा हा खाऊ बंद झालाय. लसी पूर्ण व्हायच्यात, त्यामुळे खाली नेता येत नाही. शेजारी म्हणाले, शीवर तिखट टाका. टाकलं. हा दोनदा शिंकला आणि खाल्लीच. जेवणात मिसळायची पावडर आणली, तीही वाया. त्याला पोटात काही कमी पडतंय का? कुणाचा अनुभव?

– मुलुंडवाली

*

अगं, अननस! आमच्या पहिल्या कुत्र्याला जेवणात अननसाच्या फोडी द्यायचे, महिन्या-दोन महिन्यांत बंद झालं. आता ते अननसानं की तो मोठा झाला म्हणून, देव जाणे.

– काकू

*

काकू, मोठा झाला म्हणूनच असणार! बहुतेक पिल्लं वाढता वाढता ही सवय सोडतात.

वहिनी, मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा जुना विद्यार्थी, म्हणून जरा लांबण लावतो. पिल्लं लहान असताना त्यांची आई त्यांना चाटून शी-सू करायला लावते आणि सगळं स्वतः खाऊन जागा साफ ठेवते. त्यामुळे कुत्र्यांच्या जगात यात किळस वाटण्यासारखं काही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2018 मध्ये याचा मोठा अभ्यास छापला. सहातलं एक कुत्रं हे वारंवार करतं, आणि जवळपास सगळी दोन दिवसांच्या आतली ताजी शीच खातात. जंतांची अंडी बाधा करण्याजोगी व्हायला दिवस लागतात. तेव्हा कुत्र्यांचे पूर्वज म्हणजे लांडगे, त्यांची राहायची जागा त्याआधी साफ करण्याची ही जुनी खोड असावी, असा त्यांचा अंदाज. अशी कुत्री खाण्यात अधाशी असतात असंही आढळलं, आणि लॅब्रॅडॉरला अधाशीपणा शिकवावा लागत नाही. बाजारातल्या पावडरी-गोळ्यांचा गुण? शेकडा 0 ते 2. तुमच्या पावडरीचा राग मानू नका.

तरी आधी ताज्या शीचा नमुना डॉक्टरांकडे न्या. जंत किंवा जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) असेल तर कळेल. या वयात जंताचं औषध दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनंतर सहा महिन्यांचा होईपर्यंत दरमहा. घरात लहान मूल आहे, त्यामुळे यात टाळाटाळ नको, आणि तोंड चाटू देणं तूर्त बंद. भरपूर खाऊनही तो वाळत असेल आणि शी सैल, तेलकट, ढीगभर होत असेल, तर डॉक्टरांना तसं आवर्जून सांगा. स्वादुपिंडाचा दोष असू शकतो.

बाकी सगळा खेळ मिनिटांचा आहे. जेवण ठरलेल्या वेळी. जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटांत, झोपेतून उठल्यावर आणि खेळून झाल्यावर पट्टा लावून गॅलरीत न्यायचं आणि तिथंच उभं राहायचं. उरकलं की त्याच क्षणी 'ये' म्हणून हाक मारून तोंडात खाऊ द्यायचा. तो तुमच्याकडे वळला की दुसऱ्यानं पेपर उचलायचा. ओरडत धावलात तर त्याला वाटणार, माल मौल्यवान आहे, लवकर गिळा. नाक घासणं तर मुळीच नको. माणसांसमोर शी करणं धोक्याचं एवढंच तो शिकेल, मग सोफ्यामागे करून पुरावाही संपवेल.

घरी कुणी नसतं ते तास कोणते, ते आधी शोधा. चोरी तिथेच होते.

– परळकर

*

दादा, बरोबर ओळखलंत. सकाळी साडेनऊ ते अकरा! मुलं शाळेत, आम्ही दोघं लोकलमध्ये आणि कामवाली मावशी अकराला येणार. सासूबाई घरी असायच्या, पण दार लावून.

नमुन्यात जंत निघाले, औषध सुरू आहे. धाकट्याला दिवसातून दहा वेळा साबणानं हात धुवायला लावतेय. दुधाचा हिशेब ठेवतो तसा फ्रिजवर कागद लावलाय, वेळ लिहून ठेवायला. पहिल्या चार दिवसांत तो पाचदा जिंकला. नंतरच्या आठवड्यात दोनदा, दोन्ही वेळा साडेनऊनंतर.

मग परवा काय झालं, सासूबाईंनीच आपली खुर्ची गॅलरीच्या दारात टाकली. मांडीवर जपमाळ, शेजारी वाटीत गाजराचे तुकडे. दोन दिवसांत एकदाही खाल्ली नाही. आज ऑफिसात फोन आला, 'अगं, पेढ्यानं केली आणि स्वतःहून माझ्याकडे आला!' एवढ्या आनंदानं त्यांनी मला नातवाच्या निकालाचाही फोन केला नव्हता.

काकू, अननस आणला होता. आम्हीच खाल्ला.

– मुलुंडवाली